गाठीवरचा उतार

2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. काटोलजवळच्या आमच्या बागेत तोडणीला आलेला मृग बहार एका संध्याकाळी जमिनीवर आला. धुऱ्यापलीकडच्या बागेत मात्र संत्री झाडावरच होती. गारांचा पट्टा धुऱ्याशी थांबला होता. फुटक्या फळांच्या सड्यात उभी राहून माय म्हणाली, "कोणत्या जलमाचं पाप फेडून रायलो आपण?" भाऊ म्हणाला, "पाप नाही अन् पुण्य नाही, माय. योगायोग आहे."

मायचा प्रश्न मला सोसवेना. भावाचं उत्तर बरोबर वाटलं, पण त्यानं कुणालाच धीर आला नाही.

हा वाद फार जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषद जगाचं कारण शोधायला निघतं, तेव्हा काल, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावं तपासायला पुढे ठेवतं. नियती आणि यदृच्छा तिथे शेजारीशेजारी आहेत. आमच्या बागेत त्या दिवशी माय एकीच्या बाजूनं बोलत होती, भाऊ दुसरीच्या.

यदृच्छा मला वर्गातही भेटते. मी नागपुरात मुलांना संगणक शिकवते. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या 'प्रोसेसिंग'मध्ये आम्ही कोड लिहून चित्रं काढतो. एकदा वर्गाला संत्र्याच्या सालीचं चित्र काढायला दिलं. मुलांनी प्रत्येक ठिपक्याची छटा 'रँडम' या यदृच्छ आकडे देणाऱ्या आज्ञेकडून घेतली, आणि पडद्यावर जुन्या टीव्हीतल्या मुंग्या आल्या. एकाही ठिपक्याला शेजारच्याची खबर नव्हती. मग 'रँडम'च्या जागी 'नॉइज' लिहिलं. छटा हळूहळू गडद झाल्या, हळूहळू उजळल्या, आणि उंचवटे-खळग्यांची साल दिसू लागली. एकही खळगा दुसऱ्यासारखा नव्हता, तरी सगळे एकाच फळाचे होते.

ही युक्ती केन पर्लिन यांची. 1982च्या 'ट्रॉन' चित्रपटावर काम केल्यावर संगणकी चित्रांचा यांत्रिकपणा त्यांना खटकला. त्यातून त्यांनी हे गणित बसवलं, 1985 मध्ये ते निबंधातून मांडलं, आणि 1997 मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. संगणकावरचे डोंगर, ढग, धूर, संगमरवर यांत आज अनेकदा हे गणित असतं.

ते नीट कळावं म्हणून एका रात्री मी चौकटीच्या वहीत पर्लिन यांची मूळ कृती हातानं सोडवली. आधी एक जाळी आखायची. जाळीच्या प्रत्येक गाठीवर उताराचा एक बाण ठेवायचा. त्याची दिशा विस्कटलेल्या आकड्यांच्या यादीतून येते, म्हणजे ती यदृच्छाच. मधल्या बिंदूची किंमत मात्र भोवतालच्या गाठींचे उतार जवळ-दूर पाहून एकमेकांत मिसळत ठरते. प्रत्येक गाठीवर माझं उत्तर शून्य येत होतं. चुकलं असं समजून मी दोनदा खोडलं. चुकलं नव्हतं. गाठीवर किंमत नेहमी शून्यच असते. यदृच्छा तिथून फक्त उतार देते. डोंगर होतो की दरी, हे दोन गाठींच्या मध्ये, शेजाऱ्यांच्या मिसळणीतून घडतं.

गारपिटीला हे जसंच्या तसं लावता येत नाही. आमचं नुकसान शून्य नव्हतं. वर्षाचं उत्पन्न गेलं होतं. आणि 'नॉइज'मुळे नियती हरली असंही नाही. एकच बीज-आकडा दिला तर 'नॉइज' पुन्हा तेच चित्र काढतो, आणि 'रँडम'ही पुन्हा तेच आकडे देतो. दोघंही आतून सारखेच बांधलेले. फरक एवढाच की एकात शेजार आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणजे धक्का कुठून आला हा एक प्रश्न, आणि तो भोवतालात कसा मिसळतो हा दुसरा. माय आणि भाऊ पहिल्यावरच भांडत होते.

दीक्षाभूमीवर गेले की मला हे जास्त स्पष्ट दिसतं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढच्या वर्षी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी आजच्या दुःखाचं मूळ मागच्या जन्मात शोधणारा कर्मविचार नाकारला आहे. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढाच त्या विचाराचा उपयोग त्यांना दिसला. मला वाटतं, नुसत्या 'योगायोग आहे' या उत्तरालाही हेच लागू होतं. पाप म्हटलं काय, योगायोग म्हटलं काय, ऐकणारा दोन्ही वेळा हात झटकून घरी जाऊ शकतो.

गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यापलीकडचे काका दोन गडी घेऊन आले. कोणी काही विचारलं नाही. साल फाटलेल्या फांद्यांना त्यांनी दुपारपर्यंत मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. झाडं वाचली. त्या फांद्यांवर अजून व्रण आहेत, आणि व्रणांच्या वरून फुटवे गेले आहेत.

काही वर्षांनी गारांचा पट्टा धुऱ्याच्या पलीकडे पडला. आमची बाग वाचली. मायनं त्या वेळी पापाचं नाव काढलं नाही. मोरचूद आणि चुना भिजत घातला, बादली उचलली आणि धुरा ओलांडला.