घर कोणी सोडायचे?

स्वतःच्या घरात धोक्यात असलेल्या मुलाला न्यायालयाने तातडीने संरक्षण द्यावे, ही कल्पना इंग्लंडमध्ये फार जुनी नाही. चॅन्सरी न्यायालयाला मुलांचे पालकत्व स्वतःकडे घेता येत असे, परंतु व्यवहारात तो मार्ग मालमत्ता असलेल्या कुटुंबांपुरताच राहिला. 1889 च्या बालक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने प्रथमच दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर घरात शिरून मुलाला ‘सुरक्षित स्थळी’ नेण्याची मुभा दिली आणि बापाच्या निरंकुश सत्तेला उंबऱ्याच्या आत छेद गेला.

पुढे या सुटकेच्या कल्पनेतच एक दोष वाढत गेला. 1969 च्या कायद्यानुसार कोणीही व्यक्ती एका दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करून, पालकांची बाजू ऐकली जाण्यापूर्वीच, मुलाला 28 दिवसांपर्यंत दूर ठेवण्याचा आदेश मिळवू शकत असे आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय नव्हती. 1973 मध्ये समाजसेवा विभागाची देखरेख असतानाही सात वर्षांची एक मुलगी सावत्र बापाच्या मारहाणीत मरण पावली, तेव्हा यंत्रणेवर निष्क्रियतेचा ठपका आला. 1987 मध्ये क्लीव्हलँड परगण्यात 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान होऊन अनेक मुले घाईने घरातून हलवली गेली, तेव्हा तिच्यावर अतिरेकाचा ठपका आला. त्यांपैकी बहुतेक मुले नंतर घरी परतली. मात्र परतणे म्हणजे अत्याचार झालाच नव्हता, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल.

न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशी अहवालानंतर आलेल्या 1989 च्या बालक कायद्याने प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला: पुरावा अपुरा असताना दिलेली सत्ता किती काळ टिकावी? ‘तातडीचा संरक्षण आदेश’ आठ दिवसांचा आणि फार तर एकदाच, सात दिवसांनी वाढवता येणारा ठरला. मुलाला गंभीर अपाय होण्याची शक्यता मानण्यास वाजवी कारण असणे आवश्यक झाले, आणि धोका टळल्यास मुदत संपण्याची वाट न पाहता मूल परत देणे बंधनकारक झाले. 2004 मध्ये न्यायमूर्ती मन्बी यांनी हा आदेश अत्यंत कठोर असल्याने तो अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा, असे बजावले.

तरीही या साऱ्या सुधारणांत एक गृहीतक अबाधित होते: धोका मोठ्या माणसाकडून, पण घर सोडायचे ते मुलाने. 1996 च्या कौटुंबिक कायद्याने ते प्रथमच हलवले आणि अशा आदेशाला जोडून संशयित व्यक्तीलाच घराबाहेर काढण्याची तरतूद केली. या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोठे वैचारिक वळण हेच, कारण येथे संरक्षणाचा अर्थ मुलाचे स्थलांतर असा उरत नाही. मात्र ही तरतूद लागू होण्यासाठी मुलाचा सांभाळ करण्यास समर्थ व तयार असलेली दुसरी व्यक्ती त्याच घरात राहत असावी लागते आणि तिची संमतीही लागते. ही व्यक्ती बहुधा आई असते. ती स्वतः त्या पुरुषाच्या धाकात किंवा त्याच्या मिळकतीवर अवलंबून असेल आणि तिने नकार दिला, तर मुलाला हलवण्याचाच जुना मार्ग न्यायालयापुढे उरतो.