रिकाम्या हाताने परतलेला व्याध

माघ वद्य चतुर्दशीची रात्र जवळजवळ बिनचंद्राची असते. पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, बारीक कोर दिसली तर दिसली. पाणवठ्यावर दबा धरून बसणाऱ्याला याहून गैरसोयीची रात्र मिळणार नाही. डोळ्यांना काही कळायच्या आत कानांना कळतं. वाळक्या पाल्यावर पडलेलं पाऊल ऐकू येतं, मग पाण्याला तोंड लागल्याचा आवाज, आणि आकार सगळ्यात शेवटी उमटतो. महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध नेमका याच रात्री बेलाच्या झाडावर चढून बसलेला आहे.

श्रीधरस्वामींनी शके १६४०मध्ये (इ.स. १७१८-१९) बारामतीत शिवलीलामृत पूर्ण केलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायामुळे ही कथा मराठी घराघरांत पोचली. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतही ती आहे. तिथे शिकाऱ्याचं नाव गुरुद्रुह. पाठ बदलला की हरणांचा क्रम आणि संख्या बदलते, पण गाभा तोच राहतो. दिवसभर रान तुडवूनही शिकार मिळालेली नाही आणि घरी पोरं उपाशी आहेत. रात्री पाण्यावर जनावर येईल या आशेने तो झाडावर बसतो. नेम धरायला आड येणारी पानं तोडून खाली टाकतो आणि ती खालच्या शिवलिंगावर पडत राहतात. मग एक हरिणी येते. ती गाभण आहे. बाण लागायच्या आधीच ती बोलू लागते: बाळंत होऊन, पिल्लू कुणाच्या तरी हवाली करून परत येते, शपथ घेते. तो तिला जाऊ देतो. प्रहर उलटतात, आणखी हरणं येतात, प्रत्येकाला घरी कुणीतरी आहे, आणि प्रत्येक जण परत येण्याचं वचन देतो. सकाळी ती सगळी खरोखरच परत येतात, तेव्हा व्याधाच्या हातून धनुष्य सुटतं.

या कथेवर कीर्तनात सहसा एकच गोष्ट ठासून सांगितली जाते: व्याधाला काही ठाऊक नव्हतं, तरी त्याच्या हातून बिल्वार्चन झालं, उपवास झाला, जागरण झालं, आणि भोळ्या शंकराने ते सगळं मान्य केलं. देव किती थोड्यावर प्रसन्न होतो, हे सांगायला कथा उत्तम आहे. पण मग एक अडचण उरते. पुण्य जर पानांचंच असेल, तर हरणांचं इतकं बोलणं कशासाठी? लिंगावर पानं पडली, रात्र सरली, विमान आलं, एवढ्यावर कथा संपायला हवी होती. कथाकाराने मात्र सर्वात जास्त जागा दिली आहे ती हरणांच्या तोंडच्या शब्दांना.

नीट पाहिलं तर व्याधाच्या खात्यावर जमा झालेली प्रत्येक गोष्ट शिकार न मिळाल्याची देणगी आहे. उपवास घडला तो खायला काही नव्हतं म्हणून. जागरण घडलं ते रिकाम्या हाताने घरी तोंड दाखवता येईना म्हणून. तिन्हीसांजेलाच एखादं हरीण बाणाच्या टप्प्यात आलं असतं तर तो मांस खांद्यावर टाकून घरी गेला असता, आणि त्या हरणाला कुणी वाट पाहणारं आहे हे त्याला कधीच कळलं नसतं. फसलेल्या शिकारीने त्याला चार प्रहर दिले, आणि त्या चार प्रहरांत ‘मांस’ समजून ज्याच्याकडे तो पाहत होता त्याचं घरदार त्याच्यासमोर उभं राहिलं. पानांनी त्याला पात्र केलं असेल. बदललं ते ऐकण्याने. कथेतला धर्म तिथे आहे.

हे ऐकणं आजही शक्य आहे. बुद्धपौर्णिमेला मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्यात वनविभाग हौशी निसर्गप्रेमींना पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसवतो. पौर्णिमा निवडलेली असते ती उजेडासाठी. वाघ दिसावा ही आस जवळपास प्रत्येकाला असते आणि पुष्कळांना तो दिसत नाही. पण बसून राहिलेल्याला साळिंदराच्या काट्यांचा खुळखुळाट ऐकू येतो, अस्वल पाण्याकडे येताना फुसफुसतं ते कळतं, आणि चितळं पाण्यापाशी येऊनही एकदम तोंड लावत नाहीत हे दिसतं. कळपातली एक मादी आधी पुढे येते, कान फिरवते, पुढचा पाय आपटते, मागे सरते, पुन्हा येते. तहान आणि भीती यांची ही ओढाताण कितीतरी वेळ चालते. ती ज्याने एकदा जवळून पाहिली, त्याला व्याधाच्या कथेतली हरिणी बोलली यात फारसं नवल वाटणार नाही.

महाभारताच्या वनपर्वात हाच प्रश्न अधिक कठोरपणे येतो. द्वैतवनात पांडव शिकारीवर राहतात. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात तिथली हरणं येतात, भ्यालेली आणि रडवेली. आता आम्ही बियाण्यापुरतेच उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा म्हणजे आमचा वंश वाढेल, असं ती विनवतात. सकाळी उठून युधिष्ठिर भावांना स्वप्न सांगतो आणि सगळे काम्यकवनाकडे निघतात. शिकार करूच नका, असं ही हरणं म्हणत नाहीत. त्यांना थोडी उसंत हवी आहे. भुकेल्या माणसाची भूक नाकारायची नाही आणि हरणांचा वंशही तोडायचा नाही, असा हा विचार आहे, आणि आजच्या बऱ्याच घोषणांपेक्षा तो प्रामाणिक आहे.

राजाने शिकार सोडली त्याचा पुरावा तर मुंबईच्या जवळच सापडला. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात आणि त्यांत मृगया असे. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. ब्राह्मण-श्रमणांच्या भेटी, दानं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणं, हे मृगयेच्या जागी आलं. पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे: दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे तीही मारली जाणार नाहीत. मनापासून आदर वाटावा असं हे वर्तन आहे. पण याच राजाचा तेरावा शिलालेख रानात राहणाऱ्या लोकांना बजावतो की पश्चात्ताप झालेला असला तरी राजाच्या हातात शिक्षेची ताकद आहे. मुदपाकखाना भरलेला असणाऱ्याला शिकार सोडणं जमतं. रानावर जगणाऱ्याच्या वाट्याला इशारा येतो.

महाराष्ट्रात या इशाऱ्याचा भार कुणी सोसला, हे उघड आहे. फासेपारधी फासे लावून हरणं, तितर, लाव्हे धरत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक जुनी रीत आढळली: फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायचं. पोथीतल्या व्याधाने एका रात्री जे केलं, ते हे लोक नेम म्हणून करत आले होते. सापडलेली शिकार सोडून रिकाम्या हाताने घरी जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. या पारध्यांवर इंग्रजांनी १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते आवश्यकच होतं. पण त्यामुळे पारध्यांचं पारंपरिक जगणंच बेकायदा ठरलं, आणि त्याच्या जागी दुसरं जगणं उभं करण्याची निकड समाजाला फारशी वाटली नाही.

कथा मात्र व्याधाला हाकलून देत नाही. शिवलीलामृतात हरणं आकाशात मृगनक्षत्र होतात आणि व्याधही त्यांच्याजवळच तारा होऊन राहतो. महाशिवरात्रीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वर पाहिलं तर मृगाचे चार पाय, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच रेषेत खाली, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असलेला व्याध सहज ओळखता येतो. हरणावर दया दाखवणाऱ्या कथेला शिकाऱ्यालाही जागा द्यावीशी वाटली, ही तिची मोठी समज आहे.

तेव्हा जे शिवरात्रीला दुसरा अध्याय वाचतात, त्यांनी गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालाकडेही एकदा जाऊन यावं. माळरानं आणि त्यांवरची काळविटं राखायच्या योजना आखताना, त्या माळावरची प्रत्येक चोरवाट आणि पाणवठा ज्यांच्या पायाखालचा आहे अशा माणसांना रखवालदार म्हणून पगार द्यावा, आणि निर्णयाच्या बैठकीतही बसवावं.