पाच मिनिटांवर

'जवळ' हा मराठीतला सर्वांत बेभरवशाचा शब्द आहे, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भाड्याचं घर शोधताना कळलं. आमच्या गोंडपिपरीला जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं, असं कुणी विचारलं, तर आम्ही छातीठोकपणे 'बल्लारशा' म्हणून सांगतो. आता बल्लारशाला जायचं तर एस.टी. धरावी लागते, मध्ये कोठारीचं जंगल लागतं, आणि नशीब जोरावर असलं तर वाघही रस्ता ओलांडताना दिसतो. पण विचाराल तर जवळच!

तर, आमच्या लेकीला नागपूरला मिहानमध्ये नोकरी लागली. तिच्या अटी दोनच. घर नव्या बिल्डिंगमध्ये हवं आणि मेट्रोजवळ हवं. मेट्रो म्हणजे भुयारातून जाणारी, अशी माझी समजूत. मुंबईत 2025 सालापासून एक थेट कफ परेडपर्यंत तशी जातेही. पण नागपूरची, 2019 च्या मार्चमध्ये सुरू झालेली मेट्रो खांबांवरून जाते. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही डोक्यावर मेट्रो, असा तीन मजली कारभार आहे. नागपूरकरांना जमिनीचा भरवसा उरला नसावा.

एजंट मोठा गोड माणूस. पहिलं घर दाखवताना म्हणाला, "काकाजी, स्टेशन पाच मिनिटांवर!" आम्ही चालून पाहिलं, सतरा मिनिटं लागली. "तुम्ही हळू चालता, काकाजी." दुसरं घरही पाच मिनिटांवर. पण ती मिनिटं मोटरसायकलची निघाली. तिसरं मात्र खरोखरच पाच मिनिटांवर होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता, लिफ्टच्या आतलं प्लास्टिक निघालं नव्हतं, खिडकीतून स्टेशनाचा जिना दिसत होता. लेकीचे डोळे लकाकले.

मालक सज्जन होते. त्यांनी चहा दिला आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "अस्सल सागवान!" मी चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस. आमच्या बल्लारशाचं सागवान 2023 साली अयोध्येला राममंदिरासाठी गेलं. मला साग ओळखायला शिकवता? मी दारावर हलकेच टिचकी मारली. ते प्लायवूड होतं, वर सागाचा कागद चिकटवलेला. पण घर हवं असलं की माणूस दाराशी वाद घालत नाही. मी म्हटलं, "वा!"

मग मालकांनी मुद्द्याचा प्रश्न काढला. "पाहुणे येतात का? आपली एकच अट आहे, करारात नावं असतील तेवढीच माणसं रात्री राहतील." त्यांचंही चुकत नव्हतं. आधीच्या भाडेकरूंकडे दोन दिवसांसाठी आलेला भाऊ पाच महिने राहिला होता, आणि उन्हाळ्यात टँकर मागवायची पाळी मालकांवर आली होती.

एजंटनं जिन्यातच शिकवून ठेवलं होतं, "नाही म्हणून टाका काकाजी, कोण पाहायला येऊन राहिलं?" आणि मी, तीस वर्षं शाळेत 'खरे बोलावे' हे फळ्यावर लिहिलेला मास्तर, मी लेकीला डोळ्यानं खूण केली होती, "होय म्हण."

आता खरं काय, ते सांगतो. गोंडपिपरीचा माणूस नागपूरला हौसेनं येत नाही. तो मेडिकलला येतो, हायकोर्टात येतो, नाहीतर परीक्षेला येतो. तीन्ही ठिकाणी त्याची झोप उडालेली असते आणि खिशात लॉजचे पैसे नसतात. आम्हीही असेच आलो होतो. 1978 साली माझ्या वडिलांचं मेडिकलमध्ये ऑपरेशन झालं. नंतर रोज पट्टी बदलायला जावं लागे, म्हणून गावच्याच एका माणसाच्या दीड खोलीत आम्ही बावीस दिवस काढले. त्याच्या घरमालकाचीही हीच अट होती. "हे आत्ताच आले, निघालेच बघा," असं तो भला माणूस बावीस दिवस सांगत राहिला.

हे खोटं पुण्याचं की पापाचं? कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं 1797 साली यावर एक निबंधच लिहिला. तुमच्या घरात मित्र लपलाय आणि त्याला मारायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतोय, तरी खोटं बोलू नये, असं त्याचं म्हणणं. कांटकडे गोंडपिपरीहून कुणी उतरत नसावं. आमचा धर्मराज त्यापेक्षा व्यवहारी. तो 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. एवढंच ना? रथ टेकला तरी चालतच राहिला, युद्धही जिंकलं. असा हिशेब करून मी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाली,

"काका, पाहुणे येतील. आमच्या गावाहून दवाखान्याला वगैरे येतात लोक. नाही म्हणता येणार नाही."

मालकांनी हात जोडले. आम्हीही जोडले.

जिन्यात मी तडकलो. "खरं बोलायला तुला हाच मुहूर्त सापडला?"

ती म्हणाली, "बाबा, खोटं सांगून घर घेतलं असतं ना, तर बेल वाजली की मला आधी भीती वाटली असती. आलेल्या माणसाला ते कळतं."

मी गप्प झालो. कारण मला एकदम आठवलं, त्या बावीस रात्री माझे वडील घोंगडीत तोंड खुपसून खोकायचे. वर राहणाऱ्या मालकाला आवाज जाऊ नये म्हणून. टाके ओढायचे, तरी दाबून खोकायचे. त्या भल्या माणसानं आमच्यासाठी खोटं बोलून आम्हांला छप्पर दिलं, हे मी जन्मभर सांगत आलो. त्या खोट्याचं भाडं कोण भरत होतं, हे मात्र मला सत्तेचाळीस वर्षांनी जिन्यात कळलं.

शेवटी एक घर मिळालं. मालकीणबाई म्हणाल्या, "पाहुणे येऊ द्या, फक्त चपला आत ठेवा." अकरा महिन्यांचा करार झाला. कायद्याच्या भाषेत आम्ही भाडेकरूसुद्धा नाही, नुसते परवानाधारक. असो, या जगात तरी दुसरं कोण आहे? बिल्डिंग नवी आहे. स्टेशन घड्याळ लावून तेवीस मिनिटांवर आहे.

मागच्या महिन्यात मी तिथं असताना रात्री साडेनऊला फोन आला. गावचा पोरगा, दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीची परीक्षा, मेट्रोतून उतरून स्टेशनाखाली उभा. दमलेला आवाज. "काकाजी, घर लय दूर आहे का हो?"

"छे रे!" मी म्हटलं. "जवळच आहे. पाच मिनिटांवर."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी रथातून उतरलो, पायात चपला सरकवल्या आणि त्याला आणायला निघालो.