बदल कुणी सुचवायचा?

तारापूर एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात काम केलेल्या बोईसरकराला ‘चेंज कंट्रोल’ समजावून सांगावं लागत नाही. बॅचचं तापमान थोडं वाढवायचं असो की पंप बदलायचा असो, आधी फॉर्म भरायचा: काय बदलायचं, कशासाठी, त्यामुळे दुसरं काय बिघडू शकतं. प्रॉडक्शन, क्यूए, सेफ्टी यांच्या सह्या झाल्या की मग बदल.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोडची दुरुस्ती पाठवायची रीतही जवळपास हीच. मूळ कोडची प्रत घ्यायची, एका वेळी एकच दुरुस्ती करायची, चाचणी जोडायची आणि कारण लिहून मेंटेनरपुढे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यापुढे, ठेवायची. तो शंका काढतो, परत पाठवतो, कधी सरळ नाकारतो.

फरक त्यानंतर पडतो. कारखान्याची फाइल कपाटात जाते आणि ऑडिटच्या दिवशीच बाहेर येते. शेजारच्या प्लॉटला तिचा काही उपयोग नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये मात्र कुठली ओळ कुणी, कधी बदलली हे प्रत असलेल्या कुणालाही पाहता येतं. प्रकल्प उघडा असेल तर नाकारलेल्या बदलावरचा वादही वाचायला मिळतो, आणि शिकण्यासारखं बहुधा तिथेच जास्त असतं. कारखान्यांनी प्रक्रिया जगजाहीर करावी असं माझं म्हणणं नाही. पण एखाद्या कारखान्यात स्फोट झाला तर तो का झाला, हे धंद्याचं गुपित कसं ठरतं?

अर्थात, उघडं ठेवलं म्हणजे कुणी पाहतंच असं नाही. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 2011 च्या शेवटच्या दिवशी एक बदल दाखल झाला. तो तपासला गेला होता, तरी त्यात लांबीची एक पडताळणी राहून गेली. ‘हार्टब्लीड’ नावाने ती चूक जगापुढे आली ती एप्रिल 2014 मध्ये. मधली दोन वर्षं तो कोड जगभर वापरला जात होता, वाचणारे मूठभर. सह्यांचे रकाने भरले होते, एवढंच. तारापूरलाही हा प्रकार अनोळखी नसावा.

रसायनवाल्यांसाठी जवळचं उदाहरण डीडब्ल्यूसिमचं. ब्राझीलच्या डॅनियल मेदेइरोस यांनी लिहिलेलं हे प्रक्रिया-सिम्युलेटर फुकट आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प विद्यार्थ्यांकडून त्यात फ्लोशीट, म्हणजे प्रक्रियेचे आराखडे, करून घेतो, तपासतो आणि मानधनही देतो. फ्लोशीट म्हणजे कोड नव्हे, पण तपासणीला सामोरं जायची सवय इथूनच लागते. उत्तर पटलं नाही तर वायू-द्रवांचं वर्तन मांडणारं पेंग-रॉबिन्सन समीकरण कसं सोडवलंय ते आत शिरून पाहता येतं. महागड्या बंद पॅकेजमध्ये ती सोय नाही. तिथे आकड्यावर विश्वास ठेवायचा.

मात्र कारखान्यातला डिस्टिलेशन कॉलम प्रत्यक्षात कसा वागतो हे ज्याला सर्वांत नेमकं ठाऊक असतं, तो रात्रपाळीचा ऑपरेटर या सगळ्यात कुठेच नसतो. कारखान्यात तो कंत्राटी असेल तर चेंज कंट्रोलचा फॉर्म त्याच्या हाती येणार नाही. डीडब्ल्यूसिमच्या दारात त्याला हुद्दा कुणी विचारणार नाही, पण म्हणणं इंग्रजीत मांडावं लागेल आणि तेही पाळी संपवून, खोलीवर परतल्यावर.