समदृष्टी आणि रस्त्याकडेची माती

वर्दळीच्या रस्त्याकडेच्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू साचत असतात. त्यांचा उगम वाहनाच्या धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि पुढे देशभर पोहोचला. त्याच्या आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनाच्या थरात या धातूंचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर ते घडवतात. मात्र उष्णता आणि हादरे यांनी थर झिजतो, कण धुराबरोबर बाहेर पडतात आणि बरेचसे रस्त्याच्या कडेला काही मीटरांत बसतात. ग्रीनलंडच्या बर्फातही या धातूंची वाढ आढळली आहे. धातुरूप प्लॅटिनम बरेचसे निष्क्रिय असते. पॅलेडियम तुलनेने सहज विरघळते आणि वनस्पतींत शिरते.

हवा शुद्ध करणारे साधन माती दूषित करते, तेव्हा त्या कर्माचे मोल कसे ठरवावे? अग्नी जसा धुराने, तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले असते, असे भगवद्गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. या गीतेवरचे मराठी भाष्य, ज्ञानेश्वरी, शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवाशात सिद्ध झाले. आज नेवासे फाट्यावरून पुणे–छत्रपती संभाजीनगर महामार्गाची वाहतूक अखंड चालते, आणि तिचा दोषही याच वचनाने झाकला जातो असे वाटू शकते. पण गीतेचे ते वचन वाट्याला आलेल्या स्वाभाविक कर्माविषयी आहे, प्रत्येक सोयीविषयी नव्हे. रुग्णाला दवाखान्यात नेणे किंवा शेतमाल बाजार समितीत पोहोचवणे सदोष असले, तरी सोडता येत नाही. चार पावलांच्या कामासाठी गाडी काढणाऱ्याला मात्र त्या वचनाचा आधार घेता येत नाही.

दुसरा प्रश्न समदृष्टीचा. ढेकूळ, दगड आणि सोने ज्याला सारखे, तो योगी, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो; चौदावा त्यालाच गुणांपलीकडे गेलेला म्हणतो. मग धातू मातीत मिसळले तर बिघडले कुठे? ही समता लोभ सुटलेल्या मनाची आहे. वस्तूंचे गुणधर्म तिने पुसले जात नाहीत. समदृष्टीचा माणूसही बी सोन्यात पेरत नाही, मातीतच पेरतो. लोभ सुटला की किंमत बाजूला पडते आणि वस्तू काय कार्य करते ते दिसू लागते. बाजाराची रीत उलटी आहे: कन्व्हर्टरमधल्या ग्रॅमभर प्लॅटिनमला मोल, तेच कडेला विखुरले की शून्य, आणि ज्या मातीत ते पडले, तिचा तर हिशेबच नाही. समदृष्टी सोन्याला खाली आणते, तशीच मातीलाही वर आणते.

या विचारातून कर्तव्येही निघतात. इंजिनात इंधन नीट जळाले नाही, तर कन्व्हर्टर तापून खराब होतो. म्हणून वेळच्या वेळी देखभाल करावी. निकामी कन्व्हर्टर भंगारात हरवू न देता त्यातील धातू परत मिळवावेत. रस्त्याची झाडलेली धूळ ओढ्यात टाकू नये आणि महामार्गाला लागून जनावरांचा चारा घेऊ नये. दोष पूर्ण टळत नाही. तो कमी करत राहणे हा त्या कर्माचाच भाग आहे.