सिंधूकाठचा माणूस

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा अंगणात, दक्षिणेकडे वात करून ठेवतात. तो यमाचा दिवा. लहानपणी मी आईला विचारले होते, "यमाला कशाला दिवा?" ती म्हणाली, "अवेळी येऊ नकोस म्हणून." आईच्या त्या मागण्यातला संकोच मला आता फार मोलाचा वाटतो. येऊच नकोस, असे म्हणायचा तिला धीर नव्हता. वेळेवर ये बाबा, एवढेच तिचे मागणे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक वचन आहे, आणि ते संकोची मुळीच नाही. ख्रिस्ताने दिलेले हे वचन योहानाच्या शुभवर्तमानात पुन्हा पुन्हा येते. जो आपल्यावर विश्वास ठेवील त्याच्यावर मरणाची सत्ता उरणार नाही, असा त्याचा आशय. मराठी बायबलात त्याला 'सार्वकालिक जीवन' असा भारदस्त शब्द आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांना काळजी लागली होती ती जन्ममरणाची येरझार थांबवायची. ख्रिस्ती माणसाला ओढ आहे ती कधीच न थांबणाऱ्या जीवनाची. एकाला सुटायचे आहे, दुसऱ्याला भेटायचे आहे. यांत बरे कोणते, हे ठरवण्याइतका मी शिकलेला नाही आणि तो माझा आजचा विषयही नाही. मला हे लिहायला लावले ते माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

गेल्या वर्षी सातवीला मी पांडवांच्या महाप्रस्थानाची गोष्ट सांगत होतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, उरला तो धर्मराज आणि मागोमाग आलेले कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराज म्हणाला, आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. पोरे कुत्र्यावर खूश झाली. मधल्या सुट्टीत सगळी पांगली, पण एक मुलगी बाकापाशीच घोटाळत राहिली. तिचे घर ख्रिस्ती. आजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. आजीने मात्र शेवटपर्यंत घेतला नाही. परसात आजीची तुळस होती, आणि ती आजारी पडली तेव्हा आजोबा स्वतः त्या तुळशीला पाणी घालीत. दोन वर्षांच्या अंतराने दोघेही गेले. मुलगी म्हणाली, "सर, विश्वास ठेवला त्यांनाच ते जीवन मिळतं ना? मग आजी-आजोबा आता वेगवेगळ्या ठिकाणी आहेत का?"

मी म्हटले, "डबा खाल्लास का? जा आधी." वीस वर्षे शिकवीत आलो आहे, पण इतके लाजिरवाणे उत्तर मी क्वचितच दिले असेल.

त्यानंतर मी यासंबंधी मिळेल ते वाचीत राहिलो. प्रथम त्या वचनाला न्याय दिला पाहिजे. आपण बाहेरचे लोक समजतो की हा एक सौदा आहे: तू मला मान, मी तुला अमर करतो. पण ते वचन कुठे उच्चारले गेले ते पाहा. बेथानी गावात मार्था नावाच्या एका बाईचा भाऊ, लाजरस, वारला होता. चौथ्या दिवशी ख्रिस्त आला तेव्हा ती त्याला सामोरी गेली आणि तिने जवळजवळ भांडणच मांडले, की तुम्ही वेळेवर आला असता तर माझा भाऊ गेला नसता. त्या वेळी तो हे बोलला, आणि तुझा यावर विश्वास आहे का, असे त्याने तिला विचारले. पंडितांच्या सभेत नव्हे, भाऊ गेलेल्या बहिणीपाशी. भाऊबीजेला ज्या घरात ओवाळणीचे ताट रिकामेच राहते, त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि त्यानंतर तो स्वतः रडला, असेही तिथे लिहिले आहे. भावाला आपण उठवणार हे ठाऊक असून रडला.

'विश्वास' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मराठी बायबलाने इथे 'श्रद्धा' न घेता हा रोजच्या व्यवहारातला शब्द घेतला. पोर शेजारणीच्या ओटीत टाकून आई बाजाराला जाते, तो विश्वास. त्यात मत कमी आणि भरवसा जास्त. त्याच शुभवर्तमानात पुढे असेही सांगितले आहे की देवाला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे ते वर्षांनी मोजायचे नाही, आणि त्यासाठी मरणाची वाटही पाहायला नको. हे वाचून माझा निम्मा विरोध गळून पडला.

निम्माच. कारण मुलीचा प्रश्न तिच्या आजीसंबंधी होता.

हा प्रश्न नवा नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्यांचे शव जुन्या गोव्यात बॉम जेजूच्या चर्चमध्ये आहे, ते 1549 ते 1551 या काळात जपानात होते. 1552 च्या आरंभी त्यांनी लिहिलेल्या पत्रात एक हकिकत आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक त्यांना विचारीत, आमचे वाडवडील कुठे आहेत? दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येणार नाही का? झेवियर म्हणत, नाही. ते ऐकून ती माणसे रडत. आणि इतक्या जिवाभावाची माणसे ज्याला उपाय नाही अशा गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. झेवियरांच्या नावावर बऱ्यावाईट पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. पण हे वाक्य त्यांनी लपवले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. उत्तर त्यांच्या गुरूंनी शिकवलेले होते, दुःख त्यांचे स्वतःचे.

उत्तरेकडच्या फ्रिजियन लोकांचा राजा राडबोड याची दंतकथा तर याहून रोखठोक आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडात त्याने एक पाय टाकला होता. तेवढ्यात त्याने विचारले, माझे पूर्वज कुठे आहेत? नरकात, असे उत्तर मिळाले. त्याने पाय बाहेर काढला. परक्यांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्या माणसांत राहीन, म्हणाला. राडबोड 719 साली वारला. दंतकथा खरी असो वा खोटी, ती ख्रिस्ती लेखकांनीच जपली, हे विसरता येत नाही.

आपल्या मराठी मुलखात ही चिरफाड एका घरात कशी झाली, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे त्या आपल्या वाटेने, आपल्या बुद्धीने तिथे पोचल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरे केले. पण समजा, त्या पोचल्याच नसत्या तर? टिळकांसारख्या माणसाला लक्ष्मीबाईंवाचूनचे अनंत जीवन गोड लागले असते, हे मला कुणी शपथेवर सांगितले तरी पटायचे नाही.

मला सर्वात नवल वाटले ते पौलाचे. विश्वासाने तारण, हा सिद्धांत ज्याने सर्वांत जोराने मांडला तोच हा माणूस. पुढे त्यावरून युरोपात केवढी भांडणे झाली! पण रोमच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्याच पत्रात, स्वजनांच्या आठवणीने व्याकूळ होऊन तो म्हणतो की, त्यांच्यासाठी आपण ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. त्याच्या शेकडो वर्षे आधी मोशेने देवाला जवळजवळ असेच विनवले होते, की या लोकांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या वहीतून माझेही नाव खोडून टाक. आणि आमच्या धर्मराजाने काय केले? स्वर्गात भाऊ दिसेनात म्हणून तो त्यांना शोधीत नरकात गेला आणि म्हणाला, मी इथेच राहतो. हे तिघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटते तर त्यांना दुभाषाही लागला नसता, असे आपले मला वाटते.

मग दान्ते हाती आला. चौदाव्या शतकाच्या आरंभी या इटालियन कवीने आपल्या महाकाव्यात नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांची यात्रा केली. वाटाड्या म्हणून त्याने घेतला व्हर्जिल, ख्रिस्तापूर्वीचा रोमन कवी. त्याला स्वर्गात प्रवेश नाही. शुद्धिलोकाच्या माथ्यावर घाबरलेले मूल आईकडे वळावे तसा दान्ते त्याच्याकडे वळतो, तो व्हर्जिल तिथे नाही. समोर स्वर्ग उभा आहे आणि दान्ते रडतो आहे. तिथे पुस्तक मिटून मी थोडा वेळ बसून राहिलो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. स्वर्गात गुरूच्या गोलात न्यायी जीवांच्या ज्योती मिळून एक गरुड झालेला असतो. दान्तेच्या मनात कधीपासून सलणारा प्रश्न तो बोलून दाखवतो: सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मला. ख्रिस्ताचे नाव सांगणारे तिथे कुणी नाही. वागायला चांगला, बोलायला चांगला. तो तसाच मेला. त्याला दोषी ठरवणारा न्याय कुठला? सगळे जग सोडून या कवीला आठवली ती आपल्या बाजूची नदी! गरुड आधी दटावतो, की वीतभर नजरेने हजार कोसांवरचा निवाडा करणारा तू कोण? पण लगेच असेही म्हणतो की ख्रिस्ताचे नाव घोकणारे पुष्कळजण शेवटी त्या अडाण्यापेक्षाही दूर उभे असतील. आणि पुढच्याच सर्गात गरुडाच्या भुवईत चमकणारा एक जीव कोण निघतो, तर ट्रॉयचा रिफियस, ख्रिस्ताच्या हजार वर्षे आधीचा परधर्मी!

कॅथलिक चर्चच्या परिषदेने हे म्हणायला 1964 साल उजाडले. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे चालतात, तेही तारणाला मुकतीलच असे नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षी नमूद केले. सगळ्या ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही. आणि त्या आजीला तर शुभवर्तमान चांगले ठाऊक होते; रोज जेवणाआधी तिच्याच घरात प्रार्थना होत होती. तेव्हा कायद्याने पाहिले तर तिचा खटला अवघडच. पण तुळशीला पाणी घालणाऱ्या नवऱ्याला तो अवघड वाटला होता का?

या जूनमध्ये ती मुलगी आठवीत गेली. एके दिवशी मी तिला थांबवून दान्तेची गोष्ट सांगितली. गरुड, भुवई, सिंधू नदी, सगळे. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "त्या माणसाचं नाव काय होतं?"

"नाव दिलेलं नाही."

"मग तिथं आजीचं नाव घातलं तर चालेल?"

मी म्हटले, चालेल. दान्तेला विचारले नाही.