मीठ जाते कुठे?

कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यात पांढरी फटफटीत जमीन दिसली की मराठी माणूस तिला ‘क्षारपड’ म्हणतो आणि कानडी माणूस ‘सवळु-जवळु’. आमच्या घरी दोन्ही शब्द चालतात; कारण आमचे चार एकरांचे शेत दोन्ही भाषांत वाया गेले होते. पाणी आले तेव्हा वडिलांनी ऊस लावला. उसाला पाणी मोजून द्यायचे असते हे त्यांना कुणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते. काळ्या जमिनीचा निचरा मुळात मंद. खालचे पाणी वर चढत गेले, उन्हाने पाणी उडाले आणि मीठ तेवढे मागे राहिले.

२०१६ साली धाकट्या भावाने मनावर घेतले. मातीचा सामू नऊच्या पुढे निघाला. प्रत्येक खाऱ्या जमिनीला जिप्सम लागत नाही, हे मी मुख्याध्यापक असून त्याच्याकडूनच शिकलो. नुसती खारवट जमीन गोड्या पाण्याने आणि निचऱ्याने सुधारते. जिप्सम हवे ते चोपणाला. मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला जिप्सममधले कॅल्शियम हुसकावून लावते आणि मोकळे झालेले सोडियम पाण्याबरोबर खाली उतरते. भावाने जिप्सम पसरले, धैंचा गाडला, शेणखत घातले आणि सुमारे तीन-चार फुटांवर छिद्रांच्या नळ्या पुरल्या. विहिरीचे पाणीही चोपण वाढवणारे, म्हणून ते जिप्समच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून काढून मगच ठिबकला जोडले. मग खिरणीवर बांधलेली चिकूची कलमे लावली. आंब्याला मीठ सोसत नाही, चिकूला बऱ्यापैकी सोसते. २०२१ च्या हिवाळ्यात पहिली पाटी घरी आली तेव्हा आईने त्यातले एक फळ आधी देवापुढे आणि दुसरे वडिलांच्या फोटोपुढे ठेवले.

त्याच उन्हाळ्यात खालच्या शेताचे अण्णा बांधावर आले. आमच्या नळ्यांचे तोंड ज्या ओढ्यात सुटते, त्या ओढ्यावर त्यांचे इंजिन आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण मला ‘मास्तर’ म्हणतात. शांतपणे म्हणाले, “मास्तर, निम्म उप्पु नम्म होलक्क बरतैति.” तुमचे मीठ आमच्या शेतात येते आहे.

मला काही बोलता आले नाही. दहावीच्या वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवत आलो की पदार्थ नाहीसा होत नाही, रूप आणि जागा बदलतो. ते वाक्य माझ्याच बांधावर असे उभे राहील असे वाटले नव्हते.

भागवतात गंगेची एक अडचण सांगितली आहे. पृथ्वीवर उतरण्यापूर्वी ती भगीरथाला विचारते, लोक आपली पापे माझ्यात धुतील, मग मी ती कुठे धुवायची? भगीरथ उत्तर देतो की साधू तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या स्पर्शाने ती पापे जातील. लहानपणी मला हे उत्तर पुरत असे. आता वाटते, गंगेचा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा आहे. आमच्या ओढ्यात तर म्हशींखेरीज कुणी स्नान करत नाही.

भावाचे म्हणणे सरळ होते. “दादा, वरचे शेतकरी पाणी सोडताना आपल्याला विचारतात काय? मग आपणच का साव व्हायचे? नळ्या बुजवल्या तर झाडे मरतील.” त्यात खोटे काही नाही. आपल्या जमिनीचे मीठ आपल्याच जमिनीत ठेवून उपाशी राहा, असे मी कुणाला सांगू शकत नाही. तरीही वडिलांचा दोष आणि आमचा दोष मला एकाच तागडीत घालता येईना. त्यांनी जमीन बिघडवली ती न कळता. आम्ही सामू मोजला, रसायन समजून घेतले, नळ्यांचा उतार लेव्हल लावून काढला. मीठ कोणत्या दिशेने जाणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. उतार काढताना अण्णांचे शेत आम्हाला दिसत होते, फक्त ते हिशेबात नव्हते. अज्ञानाला क्षमा असते. आमच्याकडे अज्ञान उरलेच नव्हते.

बरेच दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी भावाने उरलेला दीड एकर ऊस काढून टाकला. पाणीच कमी दिले तर धुवायला मीठही कमी, एवढा एकच उपाय मीठ दुसऱ्याकडे न सरकवणारा आहे. आणि तोच सर्वांत महाग, कारण उसाचे बिल गेले. नळीच्या तोंडाला झडप बसवली. ओढा आटलेला असेल तेव्हा ती बंद ठेवायची, पावसाळ्यात ओढा भरून वाहू लागला की उघडायची. झडपेचे कुलूप अण्णांच्या हाती दिले.

कृष्णेच्या पुढच्या गावांच्या हाती असली किल्ली नाही, हे मला माहीत आहे. रायचूरकडच्या कुणाला मी काय सांगणार?

गेल्या पावसाळ्यात अण्णा मुलीच्या घरी गेले होते. परत यायला त्यांना आठ दिवस उशीर झाला. पाणी तुंबून आमची चार झाडे पिवळी पडली. भाऊ रोज बांधापर्यंत जाऊन झडप बघून येत होता. हातोडी घरातच होती.